बोध यायच्या आत

ॲनिमेशनपट पाहून झाला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : यातून काय शिकायचे? कादंबरीला हा प्रश्न विचारणे मराठी समीक्षेने केव्हाच सोडून दिले. कवितेला तो विचारणारा विद्यार्थी आज एम. ए.च्या वर्गात हास्यास्पद ठरेल. नाटकाच्या संदर्भात 'संदेश' हा शब्द उच्चारणाऱ्याकडे तर आपण कीव केल्यासारखे पाहतो. पण कागदावरची रेषा हलू लागली, मातीचा बाहुला चालू लागला, की बेकेट शिकवणारा प्राध्यापकही क्षणार्धात बालवाडीच्या बाईंसारखा बोलू लागतो. 'छान आहे हो, पण मुलांवर याचा काय परिणाम होईल?' जणू हलणारी रेषा ही जन्मतः अज्ञान, आणि कोणीतरी बोट धरून तिला शाळेत नेऊन सोडायलाच हवे.

प्रस्तुत लेख या सवयीविरुद्ध आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की दीड, दोन, फार तर आठ-दहा मिनिटांचा, असंगत आणि काळ्या विनोदाचा ॲनिमेशनपट हा उडाणटप्पू पोरखेळ नाही. कथेइतकाच, एकांकिकेइतकाच तो पूर्ण वाढलेला प्रकार आहे आणि त्याचे सगळे सामर्थ्य बोध नाकारण्यात आहे. दुसरे असे, की मी ज्या भागात राहतो त्या पैनगंगेच्या अलीकडच्या हिमायतनगर परिसराला, एकूणच नांदेड-लातूरच्या मराठवाड्याला, या प्रकाराची गरज पुण्यामुंबईपेक्षा अधिक आहे. हे दुसरे विधान अनेकांना विचित्र, कदाचित निर्दयही वाटेल. म्हणूनच ते सविस्तर मांडायला हवे.

१

इतिहासापासून सुरुवात करू, कारण बोधाची सक्ती मुळातली नाही. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ मध्ये, दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी करून चित्रित केली आणि एक इवलीशी फिल्म तयार केली. तिचा हेतू व्यावहारिक होता. हा माणूस कॅमेऱ्याने काय करू शकतो हे पैसे घालणाऱ्याला दिसावे, इतकाच. पण १९१५ मध्ये त्यांनी आगकाड्या एकेक चौकट सरकवत जी फिल्म केली, तिचे नाव 'आगकाड्यांची मौज'. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ मध्ये काड्यांचा असाच खेळ पडद्यावर आणला होता. फाळक्यांची ती फिल्म आज उरलेली नाही, नाव तेवढे उरले आहे. पण नाव पुरेसे बोलके आहे. पुराणकथांचा हा निर्माता आगकाड्यांकडे वळला तेव्हा त्याने त्यांचा 'महिमा' लिहिला नाही, त्यांचे 'चरित्र' सांगितले नाही. त्याने 'मौज' म्हटले. (हा शब्द पुढे मराठी साहित्यव्यवहारात किती गांभीर्याने घेतला गेला, हे इथल्या वाचकांना सांगायला नको.)

१९३४ मध्ये प्रभातने 'जंबूकाका' हा व्यंगपट काढला, पण त्यातून परंपरा उभी राहिली नाही. हलत्या रेषेला आपल्याकडे कायमचे छप्पर मिळाले ते सरकारी. फिल्म्स डिव्हिजन १९४८ मध्ये सुरू झाले आणि १९५६ मध्ये मुंबईत त्याचा कार्टून विभाग निघाला. तिथल्या तरुणांना शिकवायला क्लेअर वीक्स आले. डिस्नेच्या 'बॅम्बी'वर (१९४२) काम केलेले हे चित्रकार. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांत राम मोहन होते; पुढे भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हणून त्यांचेच नाव घेतले जाऊ लागले. विभागाची पहिली महत्त्वाची फिल्म 'द बनियन डिअर' (१९५७), जातककथेतली. गाभण हरिणीचा जीव वाचावा म्हणून हरणांचा राजा स्वतःची मान पुढे करतो आणि माणसांच्या राजाचे हृदय पालटते. म्हणजे आपल्या संस्थात्मक ॲनिमेशनची पहिली गोष्ट एका हरणाची, आणि त्या हरणाचा बोध आत्मसमर्पणाचा.

आता याच हरणाची दुसरी गोष्ट पाहा. १९६९ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये कलाशिक्षण घेणारा मार्व्ह न्यूलँड हा विद्यार्थी 'बॅम्बी मीट्स गॉडझिला' नावाची जेमतेम दीड मिनिटाची फिल्म करतो. हरिण गवत खात आहे. शांत, रम्य संगीत चालू आहे. श्रेयनामावली सावकाश वर सरकते. कथा न्यूलँड, चित्रण न्यूलँड, सगळे काही न्यूलँड. ही नावे इतका वेळ चालतात की फिल्म सुरू होण्याआधीच संपणार की काय, असे वाटू लागते. मग वरून एक प्रचंड पाऊल येते आणि हरिण चिरडले जाते. समाप्त. गॉडझिला मिळवून दिल्याबद्दल टोकियो शहराचे आभार.

बारा वर्षांच्या अंतराने दोन हरणे. एकाच्या मरणाची तयारी राजाला शहाणे करते. दुसऱ्याच्या मरणाने कोणीच शहाणे होत नाही. आपल्या समीक्षेने पहिल्या हरणाला कलाकृती मानले आणि दुसऱ्याला चुटका. मला हा निवाडा उलटा वाटतो. पहिल्या फिल्ममध्ये जगात न्याय आहे हे आधीच ठरलेले आहे. फिल्म ते फक्त सचित्र करते. दुसरी फिल्म आपल्याला आपल्याच अपेक्षेसमोर उभे करते. हरणाचे काहीतरी बरे होईल, निदान त्याच्या मरणाला काही कारण असेल, ही अपेक्षा आपण कोठून आणली होती?

२

सरकारी बोधपटांविषयी अनुदार होण्याचे कारण नाही. या विभागात रेषेचे उत्तम जाणकार होते. विजया मुळे आणि भीमसेन यांच्या 'एक अनेक और एकता' (१९७४) या फिल्मने एका पिढीचे बालपण व्यापले, आणि तिच्यातली पाखरे जाळ्यासकट उडाली तेव्हा झालेला आनंद खोटा नव्हता. माझी तक्रार वेगळी आहे. परवान्याच्या अटीमुळे देशभरातील चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनच्या फिल्मा दाखवणे बंधनकारक होते. त्यामुळे आमच्याकडच्या कितीतरी प्रेक्षकांना हलती रेषा पहिल्यांदा भेटली ती उपदेशक म्हणून. कमी मुले होऊ द्या, बचत करा, लस टोचून घ्या. साचाही ठरलेला : एक अडाणी, एक शहाणा. अडाण्याच्या डोक्यावर पागोटे, शहाण्याच्या अंगात सदरा-विजार. हसायचे कोणाला, हे पागोटे पाहताच समजे.

हा विनोद निरागस नव्हता, हे काळाने दाखवले. १९६८ मध्ये प्रमोद पती यांनी कुटुंबनियोजनाचीच 'क्लॅक्सप्लोजन' ही अगदी छोटी, चक्रावून टाकणारी फिल्म केली. पुढे आणीबाणीत, १९७६ मध्ये, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीची तरतूद असलेले विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. फिल्ममुळे विधेयक आले, असे कोणी म्हणणार नाही. पण पागोटेवाल्याला समजावणारी हसरी रेषा आणि त्याला टेबलावर झोपवू पाहणारे कलम एकाच गृहीतकातून निघतात : याला स्वतःचे भले कळत नाही.

पतींचे प्रकरण इथे फार महत्त्वाचे आहे, कारण बोधाच्या कारखान्यात राहून बोधाला चकवणारा असा दुसरा माणूस आपल्याकडे नाही. ओडिशातून आलेले पती प्रागला जाऊन यिरी त्रन्का यांच्याकडे बाहुल्यांचे ॲनिमेशन शिकले. परतल्यावर फिल्म्स डिव्हिजनमध्ये त्यांनी 'एक्स्प्लोरर' (१९६८), 'ट्रिप' (१९७०), 'आबिद' (१९७२) या फिल्मा केल्या. 'आबिद'मध्ये तर त्यांनी चित्रकार आबिद सुरती या जित्याजागत्या माणसालाच चौकटीमागून चौकट हलवून बाहुला करून टाकले. चरित्रपटाने माणसाची थोरवी सांगायची असते. इथे माणूस रंगांच्या तावडीत सापडलेला एक हलता पदार्थ होतो. १९७५ मध्ये, चाळिशी नुकतीच ओलांडलेली असताना, पती गेले.

त्यांच्या गुरूची अखेरची फिल्म 'हात' (१९६५). एक कुंभार आपल्या गुलाबासाठी कुंड्या घडवतो आहे. एक महाकाय हात घरात शिरतो आणि 'माझा पुतळा घडव' म्हणतो. कुंभार नकार देतो, पिंजऱ्यात जातो, सुटतो, आणि शेवटी स्वतःच्याच कुंडीच्या घावाने मरतो. तोच हात मग त्याला शासकीय इतमामात निरोप देतो. त्रन्का यांच्या मृत्यूनंतर चेकोस्लोव्हाकियात या फिल्मवर बंदी आली. आमच्याकडे अशा बंदीची वेळच आली नाही, कारण हाताला नकार देणारा कुंभार आमच्या पडद्यावर फारसा उभाच राहिला नाही. आता तर फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीनही झाले आहे. संस्था गेली, तिने लावलेली सवय प्राध्यापकांच्या तोंडी शाबूत आहे.

३

इथे 'असंगत' म्हणजे काय, याचा खुलासा करणे भाग आहे. 'ॲब्सर्ड'ला मराठीत असंगत, विसंगत, अर्थशून्य असे नाना प्रतिशब्द आहेत आणि त्यातला 'अर्थशून्य' सर्वांत घातकी. विद्यार्थी परीक्षेत लिहितात, की असंगत कलाकृतीत काहीही घडते, कारण जीवनालाच अर्थ नाही. हे साफ चूक आहे. असंगत कलाकृतीत 'काहीही' कधीच घडत नाही. तिथे एक, फक्त एक, वेडे गृहीतक असते आणि पुढचे सारे तर्काला कडक धरून चालते. दुशान वुकोतिच यांची 'सुरोगात' (१९६१) घ्या. ऑस्कर मिळवणारा हा पहिला अमेरिकेबाहेरचा ॲनिमेशनपट. समुद्रकिनारी आलेला एक गृहस्थ हवा भरून फुगणाऱ्या वस्तू बाहेर काढतो. तंबू फुगवतो, नाव फुगवतो, मग एक स्त्रीही फुगवतो. गृहीतक एवढेच, की या जगात सगळे हवेने फुगते. ते एकदा मान्य केले, की शेवटी एका खिळ्याने तो स्वतःच फुस्स होतो तेव्हा आपण हसतो आणि त्याच क्षणी हबकतो, कारण तर्कात कोठेही फट नव्हती. तोही त्याच जगातला होता. आपल्या ते लक्षात यायला हवे होते.

हा निकष हाती असला म्हणजे खोटे नाणे ओळखता येते. 'हॅपी ट्री फ्रेंड्स'सारख्या मालिकेत गोंडस प्राणी भागाभागाला रक्तबंबाळ होतात. काळेपणा आहे, विनोद आहे, पण गृहीतक रक्ताच्या चिळकांडीपलीकडे जात नाही. आणि २०२५ मध्ये हिमायतनगरच्या पोरांच्या मोबाइलपर्यंत पोहोचलेला 'इटालियन ब्रेनरॉट' नावाचा प्रकार तर यंत्राने जुळवलेला. शार्कला बूट घातले, मगरीचे विमान केले. विचित्र खरे, असंगत नाही. शार्कला बूट आहेत म्हणून पुढे काय झाले, याचा हिशोब तिथे कोणीच देत नाही. विचित्रपणा आता फुकट मिळतो. महाग आहे ती शिस्त.

दुसऱ्या बाजूने आपले परंपराभिमानी मित्र येतात आणि सांगतात, की हे सगळे आमच्याकडे होतेच. मुक्ताबाईंच्या कूट अभंगात मुंगी आकाशात जाऊन सूर्याला गिळते, मग आणखी काय हवे? कूट अभंगांबद्दल मला नितांत आदर आहे, म्हणूनच त्यांना अशी भलती पदवी देऊ नये असे वाटते. कूटाला किल्ली असते. मुंगी कोण, सूर्य कोण, हे गुरूला ठाऊक असते आणि योग्य शिष्याला ते उमजते. वरची विसंगती आतल्या परिपूर्ण संगतीचे कुलूप आहे. असंगत कलाकृतीत कुलूप असते, किल्ली कोणाकडेच नसते. पूर्वज शोधायचाच तर मी बहुरूप्याकडे जाईन. पोलिसाच्या वेशात दारात येऊन, नसलेल्या लग्नाचे निमंत्रण तावातावाने देणारा, न जेवता येणाऱ्या पंगतीचे ताट वाढणारा रायरंद दोन मिनिटांत आपला खेळ उरकतो आणि दिडकी घेऊन पुढच्या दारी जातो. अंगावरचा गणवेश खोटा, पण गणवेशाची भाषा अगदी खरी. तो बोध करत नाही. गणवेशातली भाषा अशीच बोलते, हे त्याच्या बोलण्यातून नुसते ऐकू येते.

४

मग प्रश्न असा, की हे काम कथा-नाटकाला जमत असताना ॲनिमेशनच का, आणि तेही इतके छोटे का? याला दोन कारणे आहेत आणि दोन्ही रचनेतली आहेत.

पहिले कारण रेषेचे. नट पडला तर आपण त्याच्या गुडघ्याची काळजी करतो. रंगमंचावरचा मृत माणूस श्वास घेत असतो आणि आपण चोरून त्याची छाती पाहतो. रेषेच्या माणसाला हाड नाही, रक्त नाही, मागे बायकामुले नाहीत. म्हणून त्याच्या मरणावर लगेच डोळे ओलावत नाहीत. लोक याला उथळपणा समजतात. वस्तुतः अश्रू थोपवून धरल्यामुळेच नजर मरणाऱ्यावरून सरकून मारणाऱ्या यंत्रणेवर जाते. डॉन हर्ट्झफेल्ट यांच्या 'रिजेक्टेड' (२०००) मध्ये एका चित्रकाराला वाहिन्या आणि कंपन्या जाहिराती करायला सांगतात आणि त्याचे काम एकामागून एक नाकारतात. काडीसारख्या आकृत्या अधिकाधिक बेताल होत जातात. अखेर त्यांचा कागदच चुरगळू लागतो आणि ती माणसे कागदाच्या फाटीत ओढली जातात. हसता हसता लक्षात येते, की त्यांचे आकाश, त्यांची जमीन, सगळे त्या एका कागदाचे होते. हे ज्ञान हाडामांसाच्या नटाकडून मिळणार नाही.

दुसरे कारण लांबीचे. बोधाला वेळ लागतो. पात्र चुकावे, पस्तावावे, सुधारावे, आणि आपण ते पाहून मान डोलवावी, यासाठी निदान वीस मिनिटे हवीत. दीड मिनिटाची फिल्म बोध दाराशी येण्याआधीच दिवा मालवते. तिच्या आखूडपणात उणीव शोधणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की तो आखूडपणा हेच तिचे मत आहे. लघुकथेला 'छोटी कादंबरी' म्हणण्याची चूक आपण फार वर्षे केली. निदान तीच चूक इथे पुन्हा करू नये.

यावर कोणी म्हणेल, की काळा विनोदही बोधासाठी वापरता येतो; मेलबर्नच्या मेट्रो रेल्वेने २०१२ मध्ये 'डम्ब वेज टू डाय' ही तीन मिनिटांची फिल्म काढलीच की. गोजिरवाणे गोळे नाना मूर्ख तऱ्हांनी मरतात, गाणे गोड आहे, आणि शेवटची तीन मरणे रेल्वेशी बेपर्वाईने वागल्यामुळे येतात. फिल्म जगभर गाजली, आणि मलाही ती आवडते. पण तिच्यात सांधा कोठे बदलतो ते पाहा. रेल्वे येईपर्यंत मरणे असंगत आहेत. रेल्वे आल्याबरोबर ती शिक्षा होतात. आधीची मरणे कोणाच्याच हिशोबात नव्हती. शेवटची तीन थेट खात्याच्या हिशोबात. पागोटे जाऊन गोळा आला, एवढाच फरक. चुकला तो, मेला तो, आणि रूळ नेहमीप्रमाणे निर्दोष.

५

आता त्या निर्दय वाटणाऱ्या विधानाकडे येतो. मराठवाड्यात गेली वीस-पंचवीस वर्षे शेतकऱ्याची आत्महत्या हा लघुपटांचा हुकमी विषय आहे. भेगाळलेली जमीन, झाडाची फांदी, दोर, शाळेतून येणारी मुलगी, बासरी. स्पर्धांच्या पत्रकांत 'सामाजिक संदेश' ही अपेक्षा छापलेली असते आणि परीक्षक डोळे पुसत पारितोषिक देतात. करुण रसाचा हा साचा इतका घट्ट झाला आहे, की मरणारा माणूस त्यात दिसेनासा झाला आहे. त्याच्याविषयी आपल्याला काय वाटते, तेवढेच दिसते. करुणेला आपली दाद लवकर मिळते. गीतांजली राव यांच्या 'प्रिंटेड रेनबो'ने (२००६) कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात पारितोषिके मिळवली. एकाकी म्हातारी, तिची मांजर, आणि काड्यापेट्यांवरच्या चित्रांमधून उघडणारे जग. अतिशय सुंदर फिल्म आहे, आणि ती करुण असल्याने तिच्यापुढे आपण निःशंक नमतो. त्याच आगकाड्यांनी मौज केली तर मात्र आपल्या कपाळाला आठी.

मरणाच्या भोवती प्रत्यक्षात काय घडते? शेतकऱ्याने आत्महत्या केली की प्रकरण तयार होते. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे ते जाते. नापिकी होती का, कर्ज मान्य संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे होते का, वसुलीचा तगादा होता का, हे तपासले जाते आणि मग ते प्रकरण 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरते. पात्र ठरल्यास २००६ च्या शासननिर्णयाप्रमाणे एक लाख रुपये. 'अपात्र' हा शब्द क्षणभर नीट वाचावा. माणूस मेला आहे. त्याचे मरण मात्र अटी पूर्ण करत नाही. ज्याच्या नावावर सातबारा नाही, ज्याने शेजाऱ्याकडून हातउसने घेतले, त्याचे मरण कागदाला मान्य नाही. याच्याच शेजारी पैसेवारी ठेवा. पिकाची स्थिती पैशांत मोजतात, पन्नास पैशांच्या खाली गेले तर गाव टंचाईत, वर राहिले तर ठीक. लोक अजून तिला आणेवारी म्हणतात. आणा १९५७ मध्ये चलनातून गेला. म्हणजे चलनातून गेलेल्या नाण्याच्या नावाने आम्ही उगवून न आलेल्या पिकाची किंमत बोलतो.

यातला एकही तपशील कोणा लेखकाने रचलेला नाही. गृहीतक एकच आहे : जे कागदावर आहे ते आहे. पुढे सारे काटेकोर तर्काने चालते. असंगत कलाकृतीची जी व्याख्या वर केली, तिच्यात आमचे तालुक्याचे कार्यालय तंतोतंत बसते. मग याचे चित्रण बासरी वाजवून होणार आहे काय? करुण लघुपट या कागदाला हातच लावत नाही. तो दोराशी थांबतो आणि आपल्याला रडवून घरी पाठवतो. रडून हलके झालेला प्रेक्षक समितीच्या बैठकीपर्यंत कधी पोहोचतच नाही.

मराठी रंगभूमीने हे काम एकदा करून दाखवले आहे. सतीश आळेकर यांच्या 'महानिर्वाण' (१९७४) मधले भाऊराव मेल्यावर स्वतःच्याच मरणाचे कीर्तन करतात आणि जुन्या स्मशानातच आपले दहन व्हावे म्हणून अडून बसतात; स्मशान बंद होत आले आहे आणि प्रेत ताटकळते आहे. तेव्हाही अभिरुचीचे, संस्काराचे प्रश्न निघाले असतील, पण आज ते नाटक आपण अभिमानाने अभ्यासक्रमात लावतो. भाऊरावांना मिळालेली मोकळीक रेषेच्या मृताला का नाकारायची? समजा, दोन मिनिटांची फिल्म आहे. एक मेलेला माणूस खिडकीपुढच्या रांगेत उभा आहे, हातात स्वतःच्या मरणाचा दाखला. प्रत्येक खिडकीवर एक कागद कमी निघतो. कागद वाढत जातात, माणूस लहान होत जातो. शेवटच्या खिडकीशी तो कागदाइतकाच पातळ होतो आणि कारकून त्याच्यावरच शिक्का मारून त्याला फाइलीत घालतो. इथे आपण मेलेल्याला हसलो काय? ज्याला हसलो तो शिक्का आहे.

'ज्यांच्या घरात हे घडले त्यांना काय वाटेल?' हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि त्याला टाळून पुढे जाता येत नाही. माझे उत्तर असे. ज्यांच्या घरात हे घडले त्यांच्यात बसून पाहावे. तलाठ्याच्या, बँकेच्या, समितीच्या गोष्टी तिथे ज्या सुराने सांगितल्या जातात तो सूर बासरीचा नसतो. तो कोरडा, तिरकस, ऐकणाऱ्याला खजील करणारा विनोद असतो. दुःख ज्यांचे आहे त्यांना हा विनोद येतो. तो सोसत नाही ते सभ्य प्रेक्षकांना. आपली नाजूक अभिरुची त्यांच्या नावावर खपवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? अर्थात यात एक अट आहेच. विनोदाचे टोक खालच्याकडे वळले, पागोटे पुन्हा हास्यविषय झाले, तर ती फिल्म कितीही असंगत असो, ती जुन्या बोधपटाचीच धाकटी बहीण.

६

साधनांची सबब पुढे करू नये. हिमायतनगरला स्टुडिओ नाही हे खरे. पण फाळक्यांना १९१५ मध्ये लागल्या त्या काड्या इथल्या कोणत्याही टपरीवर मिळतात, आणि एकेक चौकट टिपणारा कॅमेरा आज बहुतेक विद्यार्थ्यांच्या खिशात आहे. सेकंदाला बारा चित्रे धरली तर दीड मिनिटाला एक हजार ऐंशी चित्रे लागतात. चार विद्यार्थ्यांनी वाटून घेतली तर प्रत्येकाच्या वाट्याला दोनशे सत्तर. प्रकल्पाच्या नावाखाली आपण त्यांच्याकडून आंतरजालावरून उतरवून घेतो त्या पानांपेक्षा हे श्रम नक्कीच सत्कारणी लागतील.

कमतरता आहे ती वाचनाची. आपण या फिल्मा वाचायला शिकवत नाही. 'महानिर्वाण' शिकवताना त्याच तासाला 'सुरोगात' आणि 'रिजेक्टेड' दाखवायला वीस मिनिटे पुरतात. गृहीतक कोणते, ते कोठवर ताणले, तर्क कोठे सुटला, हसू कोणावर वळले, आणि फिल्म नेमक्या याच क्षणी का थांबली, हे पाच प्रश्न विद्यार्थ्याला कोणत्याही कथेपाशी, कोणत्याही शासननिर्णयापाशी उपयोगी पडतील. सहावा प्रश्न, तो 'बोध काय'चा, प्रश्नपत्रिकेतून काढून टाकावा. जुन्या पाठ्यपुस्तकांच्या स्वाध्यायांत तो भरपूर वेळा विचारून झाला आहे आणि त्याची उत्तरे सर्वांना पाठ आहेत.